मुक्कामाचं झाड

वटवाघळांविषयी आपल्याकडे जे बोललं जातं ते बहुतेक रात्रीचं असतं. अंधारात त्यांना वाट कशी सापडते, एका रात्रीत ती किती किडे खातात, पेरू-चिकूच्या बागेत किती नासधूस करतात. पण वटवाघळाचं निम्म्याहून जास्त आयुष्य दिवसाच्या मुक्कामी जातं. तिथेच ते झोपतं, अंग चाटून स्वच्छ करतं, जोडीदार मिळवतं, पिल्लाला जन्म देतं, त्याला पाजतं. ऊन, पाऊस, साप आणि शिकारी पक्षी यांच्याशी त्याची गाठ तिथेच पडते. एखाद्या रात्री किडे कमी मिळाले तर पुढच्या रात्री भरपाई होते. मुक्काम चुकला तर पुढची रात्र मिळेलच याचा भरवसा नसतो. म्हणून या पुस्तकात एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला आहे: जंगलातली वटवाघळं दिवस काढायला झाड कसं निवडतात?

गुहा, लेणी, पडके वाडे आणि किल्ल्यांतली भुयारं मुद्दाम बाहेर ठेवली आहेत. त्यांच्याबद्दल आपल्याकडे तुलनेने बरंच लिहिलं गेलं आहे. फ्रेंच संशोधक आंद्रे ब्रोसे यांनी मध्य आणि पश्चिम भारतातल्या वटवाघळांवर लिहिलेली लेखमाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये १९६२पासून प्रसिद्ध झाली आणि पुढच्या अभ्यासकांना ती पायाभूत ठरली. गुहेची एक सोय असते. ती जागची हलत नाही, वर्षानुवर्षं तिथे जाता येतं, मोजणी करता येते. झाडावरच्या वटवाघळांनी अशी सोय कुणाला दिली नाही. मोठी फलाहारी वटवाघळं सोडा. ती शेकड्यांनी उघड्यावर लटकलेली असतात आणि त्यांचा कलकलाट दुरून ऐकू येतो. पण पाच-दहा ग्रॅमची पाकोळी, म्हणजे लहान किडेखाऊ वटवाघूळ, सुटलेल्या सालीमागे किंवा खोडाच्या फटीत शिरून बसली, की झाडाला हात लावून उभ्या असलेल्या माणसालाही तिचा पत्ता लागत नाही.

रेडिओ ट्रान्समीटर लहान होत गेले तेव्हा हे चित्र बदललं. प्राण्याच्या वजनाच्या पाच टक्क्यांहून जड यंत्र त्याच्या अंगावर चढवू नये, हा दंडक अभ्यासकांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीला स्वीकारला. दहा ग्रॅमच्या पाकोळीसाठी याचा अर्थ अर्धा ग्रॅम. रात्री जाळ्यात सापडलेल्या पाकोळीच्या पाठीवर हे यंत्र चिकटवायचं, तिला सोडून द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी अँटेना घेऊन रान तुडवायचं. यंत्र काही दिवसांनी आपोआप गळून पडतं. या पद्धतीने युरोप, उत्तर अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या जंगलांत मुक्कामाची हजारो झाडं सापडली. भारतात हे काम फार थोडं झालं आहे. म्हणून पुढच्या प्रकरणांत परदेशातली रानं वारंवार येतील. त्याला इलाज नाही.

झाड सापडलं म्हणजे निवड कळली असंही नाही. एखादी पाकोळी सागावर सापडली म्हणून तिला साग आवडतो असं म्हणता येत नाही. त्या रानात सागच जास्त असेल तर ती सागावरच सापडणार. म्हणून अभ्यासक मुक्कामाच्या झाडाची मापं घेतात आणि त्याच रानातल्या, तिला सहज मिळू शकली असती अशा दुसऱ्या झाडांची मापंही घेतात. खोडाचा घेर, उंची, ढोलीचं तोंड जमिनीपासून किती वर, आजूबाजूला किती गर्दी, पाणी किती लांब. या दोन याद्यांत जो फरक पडतो ती खरी निवड.

उत्तर अमेरिकेतल्या अशा अनेक अभ्यासांचे आकडे माटिना काल्कूनिस-रुप्पेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५मध्ये एकत्र तपासले. त्यातून पुढे आलेलं झाड असं: आसपासच्या झाडांहून उंच, घेराने मोठं आणि भोवती जरा मोकळीक असलेलं. झाडाच्या जातीपेक्षा त्याची अवस्था महत्त्वाची ठरते. अमेरिकेतल्या इंडियाना बॅटच्या लेकुरवाळ्या माद्या अनेकदा मेलेल्या, उभ्या वाळलेल्या झाडांच्या सुटलेल्या सालीखाली एकत्र राहतात. उन्हात उभं असलेलं झाड त्यांना जास्त पसंत पडतं. साल पूर्ण गळून पडली की ते झाड त्यांच्या उपयोगाचं राहत नाही. म्हणजे झाड मेल्यानंतरची मोजकी वर्षंच त्यांना मिळतात.

उंची आणि मोकळीक कशासाठी, हे समजायला वटवाघळाचं उड्डाण डोळ्यांपुढे आणावं लागतं. बहुतेक जाती आधी खाली झेपावतात आणि मग पंखांवर तोलून घेतात. खाली फांद्यांचा गुंता असेल तर ही झेप जमत नाही. संध्याकाळी ढोलीच्या तोंडाशी घुबड टपून बसलं असेल तर चटकन निसटताही येत नाही. उंच ढोलीपर्यंत जमिनीवरून चढणारे शत्रू कमी पोहोचतात आणि तिथे ऊनही लवकर लागतं. घेराचं कारण वेगळं आहे. जाड खोडाची ढोली जुन्या वाड्यातल्या जाड भिंतींच्या खोलीसारखी वागते. बाहेर ऊन तापलं तरी आत लगेच तापत नाही, आणि संध्याकाळी बाहेर गार झालं तरी दिवसभराची ऊब आत टिकते. न्यूझीलंडच्या एग्लिंटन खोऱ्यात लांब शेपटीच्या पाकोळीवर जेन सेजली आणि कॉलिन ओ'डोनेल यांनी काम केलं. तिथल्या माद्या जुन्या, थोराड बीच वृक्षांमधल्या ज्या ढोल्या निवडत, त्यांच्या आतलं तापमान इतर ढोल्यांपेक्षा स्थिर होतं.

या उबेचा हिशेब नीट समजून घेण्यासारखा आहे. लहान वटवाघळाला अंग गरम ठेवणं फार महाग पडतं. देह छोटा आणि पंखांच्या पडद्यातून उष्णता सतत निसटते. गार दिवशी अनेक जाती अंगाचं तापमान जवळजवळ आसपासच्या हवेइतकं उतरू देतात, हृदय मंद चालतं आणि त्या तासन्‌तास सुस्त पडून राहतात. नराला हे परवडतं. गाभण मादी अशी पडून राहिली तर पोटातल्या गर्भाची वाढ रेंगाळते, लेकुरवाळी पडून राहिली तर दूध कमी होतं. म्हणून एकाच रानात नर आणि माद्या वेगळी झाडं धरून राहतात, असं बऱ्याच ठिकाणी दिसलं आहे. जर्मनीत गेराल्ड केर्थ आणि सहकाऱ्यांनी बेखस्टाइनच्या पाकोळ्यांना गरम राहणाऱ्या आणि थंड राहणाऱ्या अशा दोन्ही तऱ्हेच्या पेट्या टांगून दिल्या. २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात माद्यांनी पिल्लं होण्याआधी थंड पेट्या पत्करल्या आणि पिल्लं झाल्यावर गरम पेट्यांकडे मोर्चा वळवला. ऋतू तोच, रान तेच, पण मादीची गरज बदलली की मुक्कामही बदलला.

याच पाकोळ्यांनी आणखी एक गोष्ट शिकवली आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म तिच्यात आहे. वीस-तीस माद्यांचा एक कळप एका उन्हाळ्यात पन्नासापर्यंत जागा वापरतो. दोन-तीन दिवसांनी मुक्काम हलतो. कळप कधी दोन-तीन झाडांत फुटतो, पुन्हा एक होतो. एग्लिंटन खोऱ्यातल्या पाकोळ्या तर जवळजवळ रोज झाड बदलतात. हे कशासाठी? शत्रूला ठावठिकाणा लागू नये, हवामानाप्रमाणे गार-गरम जागा मिळावी, ही कारणं आहेतच. शिवाय वटवाघळांच्या अंगावर जगणाऱ्या, रक्त पिणाऱ्या बिनपंखी माशा असतात. त्यांची मादी यजमानाचं अंग सोडून ढोलीच्या भिंतीवर आपला कोष चिकटवते. कोषातून नवी माशी बाहेर पडेपर्यंत वटवाघळं दुसरीकडे गेलेली असली तर तिची उपासमार होते. १९९५मध्ये सुझन लुइस यांनी तोवरच्या नोंदींचा आढावा घेतला तेव्हा एक साधा नियम हाती आला. मुक्कामाची जागा जितकी टिकाऊ, तितकी वटवाघळं तिला धरून राहतात; अशा जागा जितक्या भरपूर, तितकी ती फिरतात. गुहेतली वटवाघळं वर्षानुवर्षं तिथेच राहतात, पानाआडची चार दिवसांत उठतात.

याचा अर्थ वटवाघूळ झाड निवडत नाही, झाडांचा संच निवडतं. आज रिकामी दिसणारी ढोली पुढच्या आठवड्याच्या मुक्कामाची असू शकते. एक झाड राखलं आणि भोवतीची तीस तोडली, तर कागदावर मुक्काम वाचतो आणि रानातून वटवाघळं जातात.

ढोली सापडते कशी, हाही प्रश्न लहान नाही. प्रतिध्वनीवरून उडता किडा टिपणाऱ्या वटवाघळाला खोडातलं भोक चटकन कळत असेल असं आपण गृहीत धरतो. इरेनेउश रुचिंस्की, एलिझाबेथ काल्को आणि ब्यॉर्न सीमर्स यांनी नॉक्ट्यूल या युरोपातल्या ढोलीवासी वटवाघळावर केलेले प्रयोग २००७मध्ये प्रसिद्ध झाले. उडता उडता ढोली हेरणं त्यांना अवघड जात होतं. आतून आपल्याच जातीच्या वटवाघळांचे आवाज आले, की काम पुष्कळ सोपं होई. म्हणजे जागांची माहिती एकमेकांकडून मिळते. जुनी माहीतगार वटवाघळं नाहीशी झाली तर त्यांच्याबरोबर रानातल्या पत्त्यांची स्मृतीही जात असणार, असं मला यावरून वाटतं.

आता आपल्या रानांकडे वळतो. इथे उबेपेक्षा सावलीचा प्रश्न मोठा आहे. आपलं सर्वांत मोठं वटवाघूळ किलोभराहून जास्त भरू शकतं आणि त्याचे पसरलेले पंख मीटरभराच्या पुढे जातात. ते ढोलीत मावत नाही. वड, पिंपळ, चिंच, आंबा, अर्जुन, निलगिरी अशा उंच, ऐसपैस झाडांच्या उघड्या फांद्यांवर ते दिवस काढतं. भारतात आणि शेजारच्या देशांत त्यांच्या वसाहती वारंवार पाण्याजवळ आणि माणसांच्या वस्तीजवळ सापडल्या आहेत. याचं नवल वाटायला नको. फळझाडं गावाभोवती असतात, तळी-नद्या गावाजवळ असतात, आणि देवळाच्या वडावर कुणी कुऱ्हाड चालवत नाही. वसाहतीतल्या जागाही सारख्या नसतात. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ गेर्हार्ड नॉयवायलर यांनी १९६९मध्ये दक्षिण भारतातल्या एका वसाहतीचं बारकाईने वर्णन केलं. झाडावर कुठे लटकायचं यातही नरांची उतरंड असते, असं त्यांना दिसलं.

उघड्यावर राहण्याची किंमत उन्हाळ्यात मोजावी लागते. आधी ही वटवाघळं पंखांनी वारा घेतात, मग अंग चाटून ओलं करतात, मग दाट सावली शोधत खोडाकडे आणि खाली सरकतात. त्यानंतर त्यांच्यापाशी उपाय उरत नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये १२ जानेवारी २००२ रोजी तापमान ४२ अंशांच्या वर गेलं आणि नऊ वसाहतींत मिळून साडेतीन हजारांहून अधिक उडते कोल्हे, म्हणजे तिथली मोठी फलाहारी वटवाघळं, एका दिवसात मेले. त्या जाती आपल्याकडच्या नव्हेत, पण देहाची मर्यादा फार वेगळी नाही, आणि विदर्भात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. अशा प्रदेशात नदीकाठचं हिरवं, दाट सावलीचं झाड हेच या वसाहतीचं जीवन असतं. ते गेल्यावर पुढचं झाड मैलभर लांब, उघडं आणि तापलेलं असेल, तर तिथे निवडायला काही राहिलेलं नसतं.

पुण्यातल्या संशोधनाला या पुस्तकात जास्त जागा दिली आहे आणि त्याचा मला आनंद आहे. आखूड नाकाचं फलाहारी वटवाघूळ आपल्या गावाशहरांत सर्वत्र आहे; पेरूच्या अर्धवट कुरतडलेल्या फोडी सकाळी अंगणात पडतात त्या बहुधा त्याच्या. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतले एच. आर. भट आणि बोस्टन विद्यापीठातले टॉमस कुंझ यांनी १९९५मध्ये दाखवून दिलं की हे वटवाघूळ भेर्ली माडावर आपला मुक्काम स्वतः बांधतं. भेर्ली माडाचे फुला-फळांचे घोस लांब लोंबत्या सरांचे असतात. नर त्यातल्या आतल्या सरा कुरतडून टाकतो आणि बाहेरच्या तशाच ठेवतो. आत घंटेच्या आकाराची पोकळी तयार होते. तिथे माद्या येऊन राहतात, कधी मोजक्या, कधी वीसच्या वर, आणि नर ती जागा राखतो. तमिळनाडूत हेच वटवाघूळ वेलींनी झाकलेल्या खोट्या अशोकाच्या झाडांत असे तंबू करतं, आणि एकेका तंबूला नराचे कित्येक आठवडे जातात. पुढे जे स्टोर्झ यांनी पुण्यातल्याच वसाहतींवर जनुकीय अभ्यास केला. एखाद्या शहरी बागेतला भेर्ली माड एवढ्या ज्ञानाचं साधन झाला, ही गोष्ट पुणेकरांना माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं. भेर्ली माड शेंड्याकडून खाली फुलत येतो आणि शेवटचा घोस झाला की वाळतो. मग नराला दुसरा माड बघावा लागतो. परिसरात वेगवेगळ्या वयाचे माड नसतील तर हे चक्र तुटतं.

बाकीच्या जातींची यादी इथे देत बसत नाही. पण निवड किती बारीक असू शकते ते पाहा. लेसर फॉल्स व्हँपायर या वटवाघळाला सह्याद्रीच्या रानात मोठ्या झाडाची प्रशस्त ढोली लागते, आत उडत शिरता येईल अशी. पिवळ्या पाकोळ्या ताडाच्या वाळक्या, खाली झुकलेल्या झावळ्यांत बसतात. नारिंगी-काळ्या पंखांची, पाच ग्रॅमच्या आसपासची चित्रित पाकोळी केळीच्या सुकलेल्या पानात राहते आणि पान समजून आपण तिच्यावरून नजर फिरवतो. सुगरणीच्या सोडून दिलेल्या घरट्यातही ती सापडली आहे. बांबूतल्या पाकोळीची कवटी इतकी चपटी असते, की भुंगेऱ्याने पाडलेल्या अरुंद चिरेतून ती पेरात शिरते. मेघालयात नोंगखिल्लेम अभयारण्याच्या परिसरात अलीकडेच भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या अभ्यासकांना अंगठ्यांवर आणि पावलांवर चिकट गाद्या असलेली बांबूनिवासी जात मिळाली. भारतात ती आधी नोंदलेली नव्हती.

या सगळ्या जागा एका गोष्टीत सारख्या आहेत. झाडाचा जो भाग आपण कुजका, वाळका, निकामी म्हणून काढतो, नेमका तोच इथे कामाचा आहे. पोखरलेलं खोड, सुटलेली साल, लोंबणारी झावळी, वठलेलं झाड. सरपणासाठी, नीटनेटकेपणासाठी किंवा रोगाच्या भीतीने ही आधी जातात. त्यांच्या जागी रोपं लावली की हिशेब पुरा झाला, असं मानणारं वृक्षसंवर्धन मला अपुरं वाटतं. रोपाला घेर यायला, फांदी मोडायला, बुरशी आत शिरायला, सुतारपक्षी किंवा तांबट यायला आणि ढोली व्हायला माणसाच्या दोन-तीन पिढ्या जातात. जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याने २०१०पासून आपल्या सरकारी जंगलांत जुनी आणि मेलेली झाडं गटागटाने राखून ठेवण्याचं धोरण घेतलं. आपल्याकडे देवरायांनी हे काम धोरणाशिवाय केलं. तिथे पडलेली फांदीही उचलायची नाही असा दंडक अनेक गावांत होता. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांवर लिहिलं, त्याकडे या दृष्टीनेही पाहायला हवं.

कायदा थोडा पुढे सरकला आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फलाहारी वटवाघळं पाचव्या अनुसूचीत, म्हणजे उपद्रवी प्राण्यांत होती. २०२२च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच गेली. महाराष्ट्राने २०२१मध्ये झाडांच्या कायद्यात बदल करून पन्नास वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. पण ढोली पडली की तेच झाड धोकादायक ठरतं, आणि धोक्याचं कारण पुढे आलं की वयाचा मान टिकत नाही.

निपाह विषाणूचा विषय टाळून चालणार नाही. केरळात २०१८मध्ये झालेली साथ लोक विसरलेले नाहीत, आणि महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांमध्ये त्या विषाणूच्या खुणा सापडल्याचं राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२१मध्ये जाहीर केलं. वटवाघळाला हात लावू नये, त्याने चावलेलं फळ खाऊ नये, वसाहतीखालच्या उघड्या विहिरीवर झाकण घालावं. एवढं पाळायलाच हवं. पण फटाके लावून, झाड तोडून वसाहत उठवली तर ती वटवाघळं नाहीशी होत नाहीत. भेदरून दुसऱ्या वस्तीत जाऊन बसतात. ज्या झाडावर ती स्वतःहून राहिली आहेत तिथेच त्यांना राहू देणं माणसाच्याही हिताचं आहे.

शेवटी वाचकांना, आणि विशेषतः ग्रामपंचायती, नगरपालिका आणि गृहनिर्माण संस्थांमधल्या मंडळींना एक विनंती. पावसाळ्याआधी म्हणून एप्रिल-मे महिन्यांत जुन्या झाडांची जी छाटणी होते, त्याच सुमारास मोठ्या वटवाघळांची पिल्लं आईच्या अंगाला बिलगलेली किंवा फांदीवर एकटी लटकलेली असतात. त्यांना अजून उडता येत नाही. छाटणी लागणारच असेल तर ती नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उरका. ज्या झाडाला ढोली आहे, ते तोडण्याचा निर्णय होण्याआधी एका संध्याकाळी त्याच्याखाली उभे राहा आणि सूर्य मावळल्यापासून तासभर ढोलीच्या तोंडाकडे लक्ष ठेवा. काही बाहेर पडलं तर फांद्यांचा भार कमी करा, खोड राहू द्या. त्या दिवशी काहीच बाहेर पडलं नाही, तर आठवड्याने पुन्हा एकदा पाहा.